'निर्वाणीचा खलिता' म्हणजे नेमकं काय?

पहिल्या महायुद्धाबद्दल वाचताना ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता धाडला असं येतं. म्हणजे अल्टिमेटमच ना? मग सरळ धमकीपत्र म्हटलं तर काय बिघडलं?

---

अल्टिमेटमच. निर्वाणीचा म्हणजे अगदी शेवटचा, निर्वाणीचा उपाय म्हणतो ना आपण तसा. खलिता म्हणजे मुळात दरबारी पत्राची थैली, मग त्यातल्या पत्रालाच खलिता म्हणायला लागले. धमकीपत्र नको हो, धमकी कोणीही उठून देतं, इथे मागणी असते, मुदत असते आणि ऐकलं नाही तर पुढे काय तेही असतं. २३ जुलै १९१४, संध्याकाळी ६, ऑस्ट्रियाचा वकील, म्हणजे राजदूत, गीझल सर्बियाच्या राजधानीत बेलग्रेडमध्ये खलिता देतो, मागण्या १०, मुदत ४८ तास. सर्बियाचे पंतप्रधान पाशिच तेव्हा निवडणूक प्रचारासाठी बाहेर, धावतपळत परत आले आणि २५ ला मुदत संपता संपता स्वतः उत्तर घेऊन गेले. बऱ्याच मागण्यांना होकार, काहींना गोलमोल, पण सहावी नाकारली, म्हणजे साराजेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला त्या कटाच्या तपासात ऑस्ट्रियाची माणसं बसणार ती, आमच्या राज्यघटनेत बसत नाही म्हणून. गीझलने कागदावर नजर फिरवली आणि साडेसहाच्या गाडीने वकिलातीसकट बेलग्रेड सोडलं! उत्तर वाचायचंच नव्हतं त्यांना.

---

दादा, छान लिहिलंत, पण ऐकलं नाही तर काय हे त्या कागदात नव्हतंच, फक्त शनिवारी ६ पर्यंत उत्तर द्या एवढंच होतं. त्यामुळे ऑस्ट्रियाच्या परराष्ट्रमंत्र्याने, बेर्श्टोल्डने, लंडनला कळवलं की हा अल्टिमेटम नाहीच, मुदत घातलेलं निवेदन आहे, नकार आला तर संबंध तोडू आणि लष्करी तयारी सुरू करू, लगेच युद्ध नाही. याउलट जर्मनीने २ ऑगस्टला बेल्जियमला दिला तो बघा, १२ तासांत आमच्या सैन्याला वाट द्या नाहीतर शत्रू समजू. निर्वाणीचा खलिता म्हणावा तर याला.

---

ताई, तुमचा मुद्दा कागदापुरता बरोबर, तरी मी सर्बियाच्या खलित्यालाही निर्वाणीचाच म्हणेन. २८ जुलैला तारेने युद्ध पुकारलं की त्यांनी, म्हणजे उत्तरानंतर ३ दिवसांत! बेर्श्टोल्डचं निवेदन हे नाव रशिया आणि इंग्लंडला थोपवायला होतं. तेच नाव आपण मराठीत घेतलं तर त्याची सबब आपणच खरी केल्यासारखं होईल.

---

पटलं. निर्वाणीचा खलिताच लिहिते.