मदत हवी आहे: विश्वामित्रीकाठचा प्लॉट. तळमजला पाण्यासाठी मोकळा सोडायचा, तर भूकंपाचं काय?

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. इथे स्ट्रक्चरल इंजिनियर, आर्किटेक्ट किंवा नदीकाठी घर बांधलेलं कुणी असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

मुजमहुड्याच्या बाजूला विश्वामित्रीच्या काठी सासऱ्यांनी फार पूर्वी एक प्लॉट घेऊन ठेवलाय. ४० फूट रुंद, १६० फूट खोल, पुढे रस्ता आणि मागे नदीचं कोतर, म्हणजे पाण्याने कापलेली खोल घळ. आजवर तो रिकामाच राहिला. आता दंडिया बाजारातलं जुनं घर सोडायचं ठरलंय, म्हणून तिथे एकावर एक असे तीन फ्लॅट बांधायचे आहेत: एक आमचा, एक दिरांचा, एक सासूबाई आणि आत्यांचा. बिल्डरला प्लॉट द्यायचा नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे.

नदीला बांध नसेल तिथे काठापासून ३० मीटर बांधकाम करता येत नाही. ते सोडून आणि रस्त्याकडचं, बाजूंचं मार्जिन सोडून इमारतीला जेमतेम ३० बाय ४५ फुटांचा तुकडा उरतो. त्याबद्दल तक्रार नाही. ती जागा नदीचीच आहे, तिथे झाडं लावू. पण २०२५ च्या उन्हाळ्यात पात्र रुंद आणि खोल करण्याचं काम झालं, तेव्हापासून आमच्या मागच्या बाजूला ‘काठ’ नेमका कुठून धरायचा यावर दोन सर्व्हेयर दोन रेषा दाखवतात. रजाचिठ्ठीच्या (बांधकाम परवानगीच्या) नकाशावर कोणती घ्यावी?

आता मुख्य प्रश्न. ऑगस्ट २०२४ च्या पुरात काळाघोडा पुलापाशी नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती. आमच्या प्लॉटशेजारच्या टेनामेंटच्या (बैठ्या घराच्या) भिंतीवर त्याचा डाग अजून आहे, जमिनीपासून साधारण साडेपाच फुटांवर. पावागडावर आणि आजवा तलावाच्या वरच्या भागात पाऊस कोसळला की आपल्याकडे ऊन असतानाही नदी चढते, हे बडोद्यात लहान मुलालाही ठाऊक असतं.

पहिल्या आर्किटेक्टांनी सरळ सल्ला दिला की सहा फूट भराव घाला आणि वर बांधा. मला ते मुळीच पटत नाही. आमच्या प्लॉटवर मावणारं पाणी मग शेजारच्या बैठ्या घरांत जाणार. वर्षानुवर्षं असेच भराव पडत गेले, कांस, म्हणजे पावसाचं पाणी नेणारे नाले, बुजत गेल्या, म्हणून तर शहरात पाणी इतकं तुंबतं. आपण त्यात भर घालायची नाही, हे मी घरी ठाम सांगितलंय.

दुसऱ्या आर्किटेक्टांनी हॉलो प्लिंथ सुचवला: खाली फक्त कॉलम आणि पार्किंग, राहणं पहिल्या मजल्यापासून. पूर आला तर पाणी खालून निघून जाईल. कल्पना आवडली. पण माझं माहेर अहमदाबादचं. २६ जानेवारी २००१ ला भूकंपाचं केंद्र तिकडे कच्छात होतं, तरी अहमदाबादेत पडलेल्या इमारतींत हॉलो प्लिंथच्या किती होत्या, ते आम्ही पाहिलंय. खालचे कॉलम मोडले आणि वरचे मजले तसेच्या तसे खाली बसले. आर्किटेक्ट म्हणतात, ‘कॉलम जाड करू, काळजी नको.’ एवढ्याने भागतं का? पाण्याला वाट द्यायची तर खाली भिंती नकोत आणि भूकंपाला तोंड द्यायचं तर भिंती हव्यात. यातून मार्ग कसा काढतात?

आणखी एक. जमीन काळी आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया कसला घ्यावा? आणि मगरींचं काय? नदीच्या शहरातल्या पट्ट्यात त्या चारशेच्या वर आहेत, पुरात सोसायट्यांत शिरतात. त्यांना त्रास न होता आणि आमची मुलं सुरक्षित राहतील असं कुंपण कसं करावं? पक्की भिंत चालेल का?

प्रतिसाद

ताई, मी अहमदाबादला स्ट्रक्चरल डिझाइन करतो. तुमची शंका अगदी रास्त आहे. नुसते कॉलम जाड करून भागत नाही. वरच्या मजल्यांत विटांच्या भिंती असल्याने ते ताठ राहतात, खालचा मजला मोकळा असल्याने लवचीक राहतो, आणि भूकंपात सगळी हालचाल त्या एकाच मजल्यात गोळा होते. २०१६ च्या आय.एस. १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय कोडमध्ये बडोदे झोन ३ म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे आणि असा मोकळा मजला ठेवायचा तर काँक्रीटच्या शिअर वॉल (भूकंपाचा आडवा धक्का पेलणाऱ्या सळईच्या भिंती) किंवा कॉलमांमध्ये तिरके ब्रेसिंग द्यावं, असं ते कोड सांगतं.

यातून मार्ग असा: शिअर वॉल पाण्याच्या वाहण्याच्या दिशेला समांतर ठेवा. पाणी त्यांच्या कडेने निघून जातं, अडतं फक्त भिंतीच्या जाडीइतकं. प्रवाहाच्या आडव्या दिशेलाही ताकद हवीच. तिथे जिना आणि लिफ्टभोवतीच्या भिंती कामी येतात. पण बहुतेक नकाशांत जिना रस्त्याकडच्या टोकाला असतो. तसं झालं तर ताकद एका टोकाला जमते आणि भूकंपात इमारत पिळवटते. म्हणून जिना मध्याजवळ आणा, किंवा नदीकडच्या टोकाला तोलाच्या दोन आखूड आडव्या भिंती द्या. हे नकाशा पक्का होण्याआधी ठरायला हवं, आर्किटेक्ट आणि इंजिनियर एकत्र बसवून. कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगांचे हूक १३५ अंशांत आत वळलेले आहेत ना, हे काँक्रीट ओतण्याआधी स्वतः पाहा. साइटवर सर्रास ९० अंशांचे असतात.

पाया: काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइल चांगले, टोकाशी फुगीर, फुगण्या-आकसण्याच्या थराखाली जाणारे. पण तुमच्याकडे कोतर आहे, त्यामुळे खरी भीती वेगळी. पूर भरात असताना पाणीच काठाला आधार देतं. ते भराभर उतरलं की आतून भिजलेली जड माती आधाराविना राहते आणि घसरते. सॉइल टेस्टचं एक तरी बोअर नदीकडच्या टोकाला घ्यायला लावा आणि काठाच्या स्थिरतेचं गणित मागा.

काठाची रेषा मात्र सर्व्हेयरकडून ठरवू नका. अधिकृत आखणी लेखी अर्ज करून घ्या आणि तोवर दोन्हींतली आतली, म्हणजे तुम्हाला जास्त सोडायला लावणारी धरून काम करा.

प्रतिसाद

मी अकोट्यातली. २०२४ मध्ये आमच्या अपार्टमेंटमध्ये फ्लॅट सगळे कोरडे होते, तरी वीज बरेच दिवस नव्हती, कारण मीटर रूम खाली होती. मीटर पॅनल डागाच्या बऱ्याच वर, जिन्याच्या मधल्या लँडिंगला घेता येईल का, ते वीज कंपनीला आधी विचारा. लिफ्टचं मशीन आणि कंट्रोलर वर ठेवा, पुराचा इशारा आला की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. जमिनीखालची टाकी रिकामी असेल तर पुरात खालून उचलली जाते, भरलेली ठेवा.

पक्कं कुंपण नदीच्या बाजूला नको. एका बाजूला पाच फूट पाणी चढलं तर भिंतीच्या दर मीटरला टनाहून जास्त रेटा बसतो. आमची अशीच पडली आणि पडताना शेजाऱ्यांची गाडी गेली. लोखंडी उभ्या गजांची जाळी करा, गज जवळजवळ, खालचा पट्टा काँक्रीटमध्ये रोवलेला. आणि पाणी उतरल्यावर पार्किंगमध्ये बॅटरी घेतल्याशिवाय कुणी उतरू नये. मगर दिसली तर हटकू नका, वनखात्याला कळवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दादा, तुमचा प्रतिसाद आजच दोन्ही आर्किटेक्टांना वाचून दाखवला. दुसऱ्या आर्किटेक्टबाई इंजिनियरला घेऊन पुन्हा बसायला तयार आहेत, पहिल्यांना आम्ही नकार कळवला.

एक अडचण उरते. जिना मध्यावर आणला तर सासूबाईंच्या फ्लॅटमधली नदीकडची खोली अरुंद होते, आणि त्यांना ती खिडकी हवी आहे. म्हणून नदीकडच्या दोन आखूड भिंतींचा पर्याय धरतोय. ३० फूट रुंदीत त्या साधारण किती लांबीच्या लागतील? मधली जागा मोकळी ठेवून दोन्ही कोपऱ्यांत दिल्या तर चालतील का? कच्चा नकाशा हातात आहे, मापं हवी असतील तर लगेच लिहिते.