आंग्र्यांचं आरमार 1756 ला जळलं नसतं तर?

दक्षिणवारा

मंडळी, पानिपतावरच्या जर-तरचे धागे उदंड झाले, म्हणून हा दर्यावरचा.

मार्च 1755 मध्ये नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी कोकणातले आरमारी सरदार तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध तह केला. एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या फेब्रुवारीत इंग्रजांचे अ‍ॅडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह तुळाजीच्या विजयदुर्गाखाली येऊन ठेपले. 12 तारखेला एक गोळा 'रेस्टोरेशन'वर पडला. हे जहाज तुळाजीने कंपनीकडूनच पळवलेलं. ते पेटलं, आणि शेजारी खेटून बांधलेल्या गुराबांनी (तोफांची मोठी लढाऊ जहाजं) आणि गलबतांनी (वल्ह्यांची हलकी तारवं) त्याच्यामागे पेट घेतला. जे आरमार जमवायला तुळाजीचे वडील कान्होजी यांच्यापासून साठेक वर्षं लागली, ते एका दिवसात संपलं. दुसऱ्या दिवशी किल्लाही गेला.

आता समजा, हा तह झालाच नाही. तुळाजीला नमवलं, पण पेशव्यांनी स्वतःच्या बळावर, जहाजं शाबूत ठेवून. माझ्या मते 1774 पर्यंत विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, कुलाबा आणि वसई अशा चार ठाण्यांचं एकच सरकारी आरमार उभं राहिलं असतं. मग त्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि मुंबईलगतचं साष्टी बेट घेतलं, ते एवढ्या सहज घेता आलं नसतं. मुंबईला धान्य, लाकूड, सगळं बाहेरून लागायचं. वाट अडवणारं कोणी असतं तर पेशवेपदासाठी भांडणाऱ्या राघोबादादांची बाजू घ्यायला इंग्रज दहा वेळा कचरले असते.

शिवाय फ्रेंच. 1777 मध्ये त्यांचा वकील सेंट लुबिन पुण्याला आला तो चौल बंदर मागायला. 1782 मध्ये फ्रेंच अ‍ॅडमिरल सफ्रेनने पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांना जेरीला आणलं, पण श्रीलंकेतलं त्रिंकोमाली हाती येईपर्यंत त्याला जहाजं दुरुस्त करायला धड बंदर नव्हतं. विजयदुर्ग मिळाला असता तर?

तळटीप

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, त्यातला प्रकार आहे हा.

वॉटसनचं जहाज 'केंट' साठ-सत्तर तोफांचं. एका कुशीच्या (बाजूच्या) तोफा एकदम डागल्या की समोर गुराब असो वा गलबत, फळ्या उडाल्याच. गुराबेच्या जड तोफा नाळेकडे म्हणजे पुढच्या टोकाला, समोर मारा करणाऱ्या. कंपनीच्या व्यापारी जहाजांना आणि बॉम्बे मरीनच्या (कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराच्या) छोट्या तारवांना आंग्र्यांनी पन्नास वर्षं सळो की पळो करून सोडलं, हे कबूल. पण ब्रिटनच्या राजाचं खरं आरमार किल्ल्यासमोर उभं राहिलं त्या फेब्रुवारीत दोन दिवसांत निकाल लागला. तुमच्या काल्पनिक 1774 मध्ये तोफा कोण ओतणार? तांब्याचा पत्रा मारलेली जहाजं त्याच दशकात येऊ लागली. त्यांचा वेग कोण गाठणार?

उदाहरण हवंय? हैदरअलीने तुमच्या मनातलंच आरमार बांधायला घेतलं होतं. डिसेंबर 1780 मध्ये इंग्रज अ‍ॅडमिरल ह्यूजने मंगळूरला ते नांगरावरच निकालात काढलं. गोष्ट संपली.

खाडीकाठची

तळटीप, तुम्ही गुराब विरुद्ध 'केंट' अशी कुस्ती लावताय. आंग्रे तशी कुस्ती खेळायचेच नाहीत.

वारा पडला की मोठं शिडाचं जहाज जागच्या जागी लटकतं. मग गलबतं चाळीस-पन्नास वल्ह्यांनी गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला नेऊन उभी करायची. तिकडे जहाजाच्या कुशीच्या तोफा वळतच नाहीत. आधी शिडं, दोरखंड, डोलकाठ्या फोडायच्या, आणि ते पांगळं झालं की हजारभर माणसं चहूबाजूंनी चढायची. 1735 मध्ये संभाजी आंग्र्यांनी 'डर्बी' धरलं, ते विलायतेहून आलेलं कंपनीचं भलंमोठं जहाज. अंगावर कोणी आलंच तर उथळ खाडीत शिरायचं. 'केंट' काय विजयदुर्गाच्या पाठच्या वाघोटणच्या खाडीत वर येणार होतं? 1756 ला घात झाला तो सगळी जहाजं किल्ल्याच्या आडोशाला एका जागी बांधून ठेवली म्हणून. आणि जमिनीच्या बाजूने रस्ता अडवायला पेशव्यांचे, म्हणजे आपलेच लोक होते म्हणून.

गिर्ये गावाच्या अंगाला आंग्र्यांच्या गोदीचा कातळात खोदलेला खळगा आहे. आमच्याकडे पाहुणे आले की किल्ला बघतात आणि निघतात, तिकडे कोणी फिरकत नाही. आता गाळ भरलाय, पण ओहोटीला जाऊन बघा. जहाज भरतीला आत घ्यायचं, ओहोटीला कोरडं पाडून दुरुस्त करायचं, अशी ती सोय. सफ्रेनला हेच तर हवं होतं.

गारदीमामा

नानासाहेबांनी घात केला, एवढ्या एका ओळीत विषय संपतो. बाकी चालू द्या.

दक्षिणवारा

@गारदीमामा, नाही संपत. तुळाजी काही साधू नव्हते. पेशव्यांच्या विरोधातल्या ताराबाईंच्या बाजूला, पेशव्यांना जुमानायचं नाही, बावड्याच्या अमात्यांच्या मुलखात घुसखोरी, कोकणातल्या पेशव्यांच्या माणसांना त्रास. आणि आंग्र्यांच्या घराची वाटणी 1735 मध्ये बाजीरावांनीच करून ठेवली होती. मानाजी कुलाब्याला, संभाजी सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाला. भावाभावांचं भांडण मिटवलं म्हणा किंवा कायमचं करून ठेवलं म्हणा. नानासाहेबांना तुळाजीचा बंदोबस्त करायचाच होता. माझा आक्षेप फक्त सोबतीला कोण घेतलं, यावर आहे.

तळटीप

खाडीकाठच्या ताई, वर्णन झकास, पण मुद्दा बाजूला राहिला. खाडीत शिरणारं आरमार खाडी राखतं. मुंबईची नाकेबंदी करायला वर्षानुवर्षं बाहेर उभं राहावं लागतं, तेही जून ते सप्टेंबर जहाजं किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या लोकांनी.

त्याहून मोठी गोष्ट पैशाची. आंग्र्यांचं आरमार चालायचं दस्तकावर. आमचा परवाना घ्या, नाही तर जहाज जप्त. हे एका घराण्याला परवडतं, कारण लुटीतूनच शिबंदी पोसली जाते. दक्षिणवारा म्हणतात तसं सरकारी आरमार केलं की खलाशांचा पगार पुण्याहून यायला हवा. तिथे स्वारीवरच्या फौजेचंच देणं थकलेलं असायचं! घाटावरच्या कारभाऱ्याला घोडा दिसतो, गुराब दिसत नाही.

आणि एक विसरताय. पेशव्यांनी सरकारी आरमार ठेवलंच होतं की. इंग्रज विजयदुर्ग सोडायला तयार नव्हते, ऑक्टोबर 1756 च्या तहात बाणकोट देऊन तो सोडवून घेतला. तिथे आरमार सांभाळायला आनंदराव धुळपांना बसवलं. तुमचा पर्यायी इतिहास प्रत्यक्षात घडलेला आहे, त्याचं काय झालं ते बघा.

खाडीकाठची

बघितलं. एप्रिल 1783 मध्ये धुळपांनी रत्नागिरीजवळ इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं. इंग्रज अधिकारी तुटून पडून लढले, तरी जहाज विजयदुर्गाला आणलं. सगळं जळून गेल्यावर सत्तावीस वर्षांनी उभं केलेलं आरमार हे करतं. जळलंच नसतं तर काय केलं असतं, एवढंच विचारतेय.

तळटीप

'रेंजर' बारा तोफांचं. आणि इंग्रज-मराठ्यांमधला सालबाईचा तह आधीच झाला होता, त्यामुळे जहाज परत द्यावं लागलं.

खाडीकाठची

परत दिलं ते पुण्याने. धुळप हरले म्हणून नाही दिलं.

दक्षिणवारा

पगाराचा मुद्दा मला पटतो. त्यासाठी माझ्या मांडणीत एक भर घालतो: सुरतेच्या आणि कोकणच्या बंदरांची जकात थेट आरमाराकडे लावून द्यायची, पुण्याच्या खजिन्यातून फिरवायचीच नाही. कान्होजींच्या काळी जवळपास तसंच होतं, म्हणून तर 1718 ला खांदेरीवर आणि 1721 ला पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर आलेले इंग्रज हात हलवत परत गेले.

दुसरं म्हणजे परिणाम फक्त कोकणातला धरू नका. विजयदुर्गानंतर वॉटसन-क्लाइव्ह मद्रासला गेले. कलकत्ता सिराजउद्दौलाने घेतल्याची बातमी त्यांना तिथे ऑगस्टात मिळाली, आणि ऑक्टोबरात तोच ताफा बंगालकडे निघाला. विजयदुर्गासमोर त्या जहाजांना नीट मार बसला असता तर?

तळटीप

तर मुंबईच्या गोदीत दुरुस्त झाली असती. सुरतेचे लवजी वाडिया वीस वर्षं तिथे त्याच कामाला होते. मोहीम फार तर उशिरा निघाली असती.

खाडीकाठची

उशीर म्हणजे किती, हाच तर प्रश्न आहे. मार्च 1757 मध्ये बंगालमधल्या चंदननगरला फ्रेंचांच्या किल्ल्याने 'केंट'ची अशी चाळण केली की ते जहाज पुन्हा समुद्रावर गेलंच नाही. नदीच्या काठावर नीट लावलेल्या तोफा 'केंट'चं काय करतात, ते तिथे दिसलं. तुमच्या पहिल्या प्रतिसादातलं 'फळ्या उडाल्याच' दोन्ही बाजूंना लागू आहे, तळटीप.