मदत हवी आहे: तक्रारीतल्या ‘चीट’ आणि ‘डिसेप्शन’ला स्पॅनिशमध्ये काय लिहू?

नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहते. तीन वर्षं स्पॅनिश शिकतेय, पण खरी वेळ आली तेव्हा अडले.

भाची शिकायला वॅलेन्सियाला गेलीय. खोलीसाठी तिने इथूनच ६०० युरो भरले. ‘चाव्या कुरियरने पाठवतो’ म्हणणाऱ्या माणसाचा फोन त्या दिवसापासून बंद. त्या पत्त्यावर भलतंच कुटुंब राहतंय. पोरगी रडकुंडीला आलीय. परवा पोलिसांत तक्रार द्यायची आहे. तिचा इंग्रजी मजकूर मी स्पॅनिशमध्ये करतेय.

‘चीट’साठी शब्दकोशात पहिलं मिळालं ‘आसेर त्राम्पा’. ती तर पत्त्यांतली लबाडी! ‘डिसेप्शन’चं मी डोळे झाकून ‘देसेप्सिओन’ केलं होतं. त्याचा अर्थ अपेक्षाभंग. रात्री पुन्हा वाचताना लक्षात आलं आणि धस्स झालं. फसवणूक म्हणजे ‘एन्गान्यो’.

मग इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतून विचार केला. पत्त्यांत लबाडी, परीक्षेत कॉपी, नवरा-बायकोत प्रतारणा, पैशांत गंडवणं. स्पॅनिशमध्येही तसेच वेगवेगळे: त्राम्पा, कोपियार, सेर इन्फिएल, एस्ताफार. इंग्रजीत मात्र सगळ्याला ‘चीट’ चालतं.

तर ‘एस्ताफा’ लिहू की ‘फ्राउदे’? ‘तिमो’ चालेल? आणि पैसे हडपले याला ‘आप्रोपिआसिओन इन्देबिदा’ बरोबर आहे का?

प्रतिसाद: ताई, ‘एस्ताफा’च लिहा. स्पेनच्या दंडसंहितेत कलम २४८ मध्ये हाच शब्द आहे. आपली जुनी चारसोबीस, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, तसंच समजा. ‘फ्राउदे’ फार मोघम, करचुकवेगिरीलाही वापरतात. ‘तिमो’ बोलण्यातला, टोपी घातली म्हणतो तसा. तक्रारीत नको. ‘आप्रोपिआसिओन इन्देबिदा’ म्हणजे विश्वासाने सोपवलेलं नंतर लाटणं. इथे पैसे मुळातच खोटं बोलून काढलेत, त्यामुळे ते खोटं आधी सांगा, पैसे भरल्याचं नंतर. रक्कम आकड्यांत लिहा. ४०० युरोंच्या वर गेली की गुन्हा किरकोळ राहत नाही. बँकेची पावती आणि मेसेज छापून जोडा.

धागाकर्ती: मनापासून आभार! क्रम उलटा होता, बदलला. आता एकच अडतंय. मजकुरात त्या माणसाला सगळीकडे ‘मालक’ म्हटलंय, आणि तो तर मालक नव्हताच. ‘सुपुएस्तो प्रोपिएतारिओ’, म्हणजे तथाकथित मालक, असं लिहिलं तर पोलिसांना नीट कळेल ना? उद्या रात्रीपर्यंत कुणी सांगितलं तर फार बरं होईल.