कॉलनीत येणारे कोल्हे: पिंजरा लावायचा की कचरा उचलायचा?

गिरणाकाठ: जळगावात निमखेडी शिवाराकडच्या आमच्या कॉलनीत रात्री कोल्हे दिसायला लागलेत. रहिवाशांच्या ग्रुपवर 'पिंजरा लावा, नाहीतर औषध घाला' असं चाललंय. माझा दोन्हीला विरोध आहे. आठ-दहा किलोचं हे जनावर उंदीर, घुशी, बोरं आणि मेलेल्या गुरांवर जगतं. धडधाकट कोल्हा माणसावर आपणहून चालून येत नाही. परवा नाल्याजवळ कोंबडीची आतडी भरलेली पिशवी फाडताना एक दिसला. बॅटरीचा उजेड पडताच कान मागे, शेपूट खाली, आणि तोंडातलं न सोडता नाल्यात उडी. तो त्या पिशवीसाठी येतो. पिशव्या बंद करा, येणं कमी होईल.

रावेरची_लेक: दादा, चावत नाही म्हणता, पण पिसाळलेला कोल्हा माणूस ओळखत नाही. 2024 मध्ये मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बे भागात सापडलेल्या कोल्ह्यांना रेबीज निघाला होता. आमची पोरं पहाटे अंधारातच क्लासला जातात. लक्षणं दिसायला लागली की रेबीजचा माणूस वाचत नाही, मग वाट कशाची बघायची?

ठिबकवाला: आम्हना वावरमा कोल्हा काय नवा नही भो. टरबूज फोडतो, मक्याची कणसं ओढतो, हे खरं. पण घुशी वाढल्या की बांध पोखरतात, ठिबकच्या नळ्या कुरतडतात, आणि त्या घुशी कोण खातो? कोल्हे मारून शेतकऱ्याचं भलं होत नाही.

रावेरची_लेक: भाऊ, वावर वेगळं, कॉलनी वेगळी. वावरात दोन वर्षांचं पोरगं अंगणात एकटं खेळत नसतं. लंडनमध्ये 2010 साली कोल्हा घरात शिरून झोपलेल्या जुळ्या तान्ह्या मुलींना चावला होता. तिथे तर लोक त्यांना खायला घालतात.

गिरणाकाठ: लंडनचा तो तांबडा कोल्हा, आपल्यापेक्षा वेगळी जात. शहरात हजारोंनी असूनही असा हल्ला तिथे इतका विरळा की बातमी होते. आणि ब्रिटनच्या कोल्ह्यांत रेबीज नाही, आपल्याकडे आहे. म्हणून ताईंची भीती मला खोटी वाटत नाही. पण भारतात माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांकडून येतो. ज्या उकिरड्यावर कोल्हा येतो, तिथेच मोकाट कुत्र्यांची टोळी असते. कोल्ह्याला लागण तिथेच होते. एक कोल्हा पकडून नेला तर त्याच्या रिकाम्या हद्दीत दुसरा येतो. कुत्र्यांचं लसीकरण झालं, तर दोघांचाही धोका घटतो.

गुरांचा_डॉक्टर: पाळीव जनावरांबद्दल सांगतो. मोठ्या कुत्र्याच्या वाटेला कोल्हा जात नाही. मांजरीची पिल्लं, कोंबड्या, लहान कुत्री मात्र रात्री बाहेर ठेवू नका. झटापटीपेक्षा खरूज आणि डिस्टेंपर, पार्व्हो या विषाणूंच्या आजारांचा धोका जास्त, आणि हे आजार कुत्र्यांकडून कोल्ह्यांनाही जातात. रेबीजसह सगळ्या लसी वेळेवर द्या.
आणि कोल्हा चावलाच तर मिरची, चुना, हळद काही लावू नका. नळाखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. जंगली जनावराचा चावा सर्वांत गंभीर वर्गात धरतात. लसीबरोबर जखमेत सीरमही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते तेव्हाच डॉक्टरांकडे मागा. दिवसाढवळ्या झोकांड्या खाणारा, लाळ गळणारा कोल्हा दिसला तर जवळ न जाता वनखात्याच्या 1926 वर फोन करा.

ठिबकवाला: औषध घालणाऱ्यांना कायदाही सांगा. 2022 च्या दुरुस्तीनंतर कोल्हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारला तर थेट तुरुंगवास. परस्पर पिंजरा लावणंही गुन्हाच. आणि विषाचं मटण आधी गल्लीतलं कुत्रं-मांजर खाणार.

रावेरची_लेक: विषाच्या बाजूने मी कधीच नव्हते. पण वनखात्याने येऊन बघावं, आजारी असेल तो न्यावा, ही मागणी मी सोडणार नाही. उघड्यावर मांस टाकणाऱ्यांना दंड करा, या अर्जावर सही करते. त्यातच नाल्याकडच्या रस्त्याला दिवे मागा. तो रस्ता संध्याकाळी सातलाच काळोखात जातो.

गिरणाकाठ: दिवे आणि कुत्र्यांचं लसीकरण, दोन्ही अर्जात घालतो. वनखात्याला वेगळं पत्र लागेल, ते ताई तुम्ही लिहा. रविवारी सकाळी मंदिराजवळ सह्या घेऊ.

रावेरची_लेक: लिहिते. पण त्यात पाहणीबरोबर पिंजऱ्याचीही मागणी असेल. लावायचा की नाही, ते खात्याला ठरवू द्या.