सगळ्यात भन्नाट ग्रह कोणता?

निशाचर: शनीची कडी दुर्बिणीतून पहिल्यांदा पाहिली तेव्हा भिंगावर कुणी चित्र चिकटवलंय की काय, असंच वाटलं. तेव्हापासून माझं मत शनीला. तुमचं कुणाला? आणि का, तेही सांगा.

पहाटपक्षी: शुक्र! स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस, सूर्याभोवती २२५. आणि फिरतो तोही उलटा. पृष्ठभागावर साधारण ४६५ अंश सेल्सिअस. १९८२ मध्ये व्हेनेरा १३ हे सोव्हिएत यान तिथं उतरून १२७ मिनिटं तगलं. त्या भट्टीत दोन तास म्हणजे कमालच.

आडवातिडवा: हर्षल, म्हणजे युरेनस. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, म्हणून मुद्दाम. अक्ष ९८ अंशांनी कललेला, गडी चक्क आडवा पडून सूर्याभोवती लोळतो. एका फेरीला ८४ वर्षं, त्यामुळे ध्रुवावर सुमारे ४२ वर्षं उजेड आणि मग तितकाच काळोख. मी तो एकदाच पाहिलाय, तासभर शोधून. दिसलं काय, तर फिकट हिरवट ठिपका. सोबतचा मित्र म्हणाला, "एवढ्यासाठी?" हो, एवढ्यासाठीच! हा ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेललाही १७८१ मध्ये तो आधी धूमकेतूच वाटला होता. जवळून गेलेलं यान आजवर एकच, व्हॉयेजर २, तेही १९८६ मध्ये. नंतर कुणी फिरकलंच नाही.

निशाचर: पटलं. पण कडी ती कडीच. (हर्षललाही कडी आहेत, हे आता सांगू नका.)

आडवातिडवा: तेरा आहेत. सांगितलं.