कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्यांना प्रेक्षक कसे आणायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजच्या क्रीडा विभागात मी काम करते. आम्ही डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात खेळतो; तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. अभ्यास सांभाळून निव्वळ आवडीपोटी ही मुलं-मुली राबतात आणि समोरचे बाक रिकामे असतात. फार वाईट वाटतं.

मोठी अडचण मुलींच्या सामन्याची. एकाच संध्याकाळी आधी मुलींचा, मग मुलांचा सामना होतो आणि लोक दुसऱ्यालाच उगवतात. क्रम आलटूनपालटून ठेवला तर फरक पडेल का?

इंडियानातल्या टेलर विद्यापीठात डिसेंबरमध्ये ‘सायलेंट नाइट’ नावाचा बास्केटबॉल सामना असतो. संघाचा १० वा गुण होईपर्यंत सगळे चिडीचूप, मग एकच जल्लोष! दरवर्षी वाट पाहावी असं काहीतरी आमच्याकडे कसं रुजवावं? फुकट टी-शर्ट वाटले की त्या दिवशी गर्दी होते, पुढच्या सामन्याला कोणी फिरकत नाही. तो मार्ग मला पटत नाही.

मध्यंतराची १५ मिनिटं गावातल्या शाळकरी संघांना खेळायला द्यावीत असंही मनात आहे, मुलांमागे आईवडील येतीलच. कोणी असं केलंय का? खेळाडूंच्या सरावाला वेळ ठेवून ते कसं बसवलं?