मदत हवी आहे: प्रियांका चोप्राचा दही-मध-अंडं मास्क आधी छान बसायचा, आता केस चिकट आणि राठ (नाशिक)

रानजाई
रविवारी चुलत बहिणीचं लग्न आहे, त्यामुळे प्लीज लवकर सांगा. प्रियांका चोप्राने सांगितलेला मास्क मी लावते. सायीचं दही, एक चमचा मध, एक अंडं, अर्धा तास ठेवायचं आणि कोमट पाण्याने धुवायचं. कॉलेजपासून लावतेय, मला तो फार मानवतो. पण हल्ली धुतल्यावर केस मुळाशी मेणचट आणि टोकाला केरसुणीसारखे लागतात. कंगव्याच्या दातांत पांढरट काहीतरी अडकतं. कोंडा नाही, डोकं खाजत नाही. पार्लरवाली म्हणते केराटिन (केस मऊ-सरळ करायची ट्रीटमेंट) करून घ्या, मला ते करायचं नाहीये. मास्क बंद करू की शॅम्पू बदलू? प्रियांकाच्या अ‍ॅनोमली ब्रँडचं काही घ्यावं का? जिने वापरलंय तिनेच सांगा.

कुरळ्या_बटा
केस सरळ की कुरळे? रंगवलेत का? स्मूदनिंग केलंय का? शॅम्पू कोणता, कंडिशनर कुठपर्यंत लावता? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार? आणि अंड्यातलं प्रोटीन केसाच्या आत जातच नाही, त्याचे रेणू फार मोठे असतात. वरवर थर बसतो. म्हणून विकतच्या मास्कमध्ये प्रोटीनचे बारीक तुकडे केलेले असतात, लेबलवर 'हायड्रोलाइज्ड' लिहिलेलं दिसेल. अंडं सोडा, तसला मास्क आणा.

रानजाई
कमरेपर्यंत, थोडे लहरी. रंग नाही, स्मूदनिंग नाही. शॅम्पू सल्फेट-फ्री, म्हणजे सौम्य, दोन वर्षं तोच. कंडिशनर फक्त टोकांना. काहीही बदललेलं नाही, म्हणून तर विचारतेय!

सातपूरकर
पाणी किती गरम घेता? अंड्याचा पांढरा भाग ६० अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतो आणि बऱ्याच घरांत गिझर तेवढ्यावर लावलेला असतो. कंगव्यात येतंय ते शिजलेलं अंडं आहे. गार पाण्याने धुवा, प्रश्न मिटला.

आजीचा_बटवा
दही-अंडं खायच्या वस्तू, त्या डोक्यावर कशाला? भद्रकालीत काष्ठौषधीच्या दुकानात जा. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, थोडी मेथी. रात्री लोखंडी कढईत भिजत घालायचं, सकाळी एक उकळी आणून गाळून घ्यायचं. आदल्या रात्री कोमट खोबरेल तेल मुळापासून टोकापर्यंत चोळायचं. आमच्या घरात तीन पिढ्या हेच चालत आलंय, सगळ्यांच्या वेण्या मांडीपर्यंत.

कुरळ्या_बटा
खोबरेल तेलाबद्दल मान्य. ते केसात शिरतं आणि धुताना प्रोटीन कमी निघून जातं, असं २००३ च्या संशोधनात दिसलंय. पण शिकेकाईने माझे केस पार कोरडे पडतात. सगळ्यांना एकच औषध कसं चालेल?

आजीचा_बटवा
बाजारची पूड वापरली असेल. शेंगा आणून घरी कुटा, मग बोला.

रानजाई
@सातपूरकर, कोमट पाणी असं वर लिहिलंय. आणि तो पांढरेपणा मास्क न लावता नुसता शॅम्पू केला तरी येतो.

सातपूरकर
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. अंड्याच्या मागे वेळ गेला.

मेकअपची_पेटी
मी लग्नाचे मेकअप आणि हेअर करते, म्हणून सांगते. कार्यक्रमात हिरॉइनचे केस दिसतात ते मास्कमुळे नसतात. आधी हेअरड्रेसर ब्लो-ड्राय करतो, मग रोलर किंवा टाँग, शेवटी स्प्रे. खूपदा एक्स्टेंशनही असतात. घरचा मास्क केसांच्या काळजीसाठी, स्टायलिंग निराळं. तुमचं लग्न रविवारी आहे, तर आदल्या दिवशी केस स्वच्छ धुवा आणि त्या दिवशी तेल, मास्क काही लावू नका. तेलकट केसांवर अंबाडा टिकत नाही, पिना घसरतात, गजरा खाली येतो.
अ‍ॅनोमलीचं म्हणाल तर तो ब्रँड २०२१ मध्ये अमेरिकेत आला आणि २०२२ मध्ये भारतात. त्यांचा क्लॅरिफाइंग, म्हणजे केसांवर साचलेला थर काढणारा, शॅम्पू मिळतो. तुम्ही सांगताय त्यावरून तुम्हाला क्लॅरिफाइंगच लागेल, मग तो त्यांचा असो की कोणाचाही.

चातुर्मास_पाळणारी
अंड्याऐवजी काय वापरता येईल? आमच्याकडे अंडं घरात आणत नाहीत. दही-मध चालेल.

वरण_भात
रानजाईताई, तुमच्याकडे तूरडाळ नीट शिजते का?

रानजाई
हा काय प्रश्न झाला? नाही शिजत. हल्ली तीन-चार शिट्ट्या जास्त घ्याव्या लागतात. सासूबाई म्हणतात डाळ जुनी आहे. डाळीचा केसांशी काय संबंध?

वरण_भात
संबंध आहे. घर बदललंत का?

रानजाई
हो, दिवाळीनंतर. आधी गंगापूर रोडला भाड्याने होतो, आता पाथर्डी फाट्याला स्वतःचा फ्लॅट. बिल्डिंगला अजून महापालिकेचं कनेक्शन मिळालेलं नाही. बोअर आहे, कमी पडलं की टँकर येतो.

कुरळ्या_बटा
"काहीही बदललेलं नाही" म्हणालात ना! अहो, पाणीच बदललंय.

वरण_भात
तेच विचारायचं होतं. महापालिकेचं पाणी गंगापूर आणि मुकणे धरणातून येतं, ते बरंच हलकं असतं. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपून येतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त उतरतात. अशा जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, बादलीच्या कडेला पांढरं कवच धरतं, गिझरची कॉइल लवकर जाते. तेच क्षार केसांवर बसतात. त्यावर कंडिशनरचा थर, त्यावर मास्कचा, आणि सौम्य शॅम्पूने तो पुरता निघत नाही. म्हणून मुळं मेणचट आणि टोकं राठ.

खात्री करून घ्या. एका बाटलीत अर्ध्यापर्यंत नळाचं पाणी, दुसरीत तितकंच आरओचं. दोन्हीत अंगाच्या साबणाचा नखाएवढा तुकडा किसून टाका आणि जोरात हलवा. शॅम्पू टाकू नका, त्याला जड पाण्यातही फेस येतो. नळाच्या बाटलीत फेस न येता पाणी दुधट झालं आणि वर साका तरंगला तर समजा. आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं भारतीय मानक आहे. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

सातपूरकर
मग सोपं आहे. आरओचं जे पाणी वाया जातं ते बादलीत भरून ठेवा, त्याने केस धुवा. पाणीही वाचेल.

वरण_भात
नको! आरओने काढलेले सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच असतात. ते नळापेक्षाही जड. फरशी पुसा, संडासात वापरा, डोक्यावर नको. धुवायचं तर आरओच्या चांगल्या पाण्याने, तेही फक्त शेवटचे दोन-तीन तांबे.

सातपूरकर
आमच्या मेव्हण्यांनी शॉवरला फिल्टर बसवलाय, त्यांना फरक पडला.

वरण_भात
शॉवरचे बहुतेक फिल्टर क्लोरीन कमी करतात, जडपणा तसाच राहतो. त्यासाठी रेझिनचा सॉफ्टनर लागतो, ज्यात अधूनमधून मीठ घालून रेझिन परत कामाला लावतात. तो टाकीलाच बसवलेला बरा, म्हणजे तो खर्च सोसायटीचा.
केसांसाठी आता एकदा चिलेटिंग, म्हणजे क्षार काढणारा, शॅम्पू वापरा. लेबलवर ईडीटीए वरच्या नावांत आहे का बघा, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. वरचेवर नको, केस रुक्ष होतील. क्षार निघाले की तुमचा दही-अंड्याचा मास्क परत सुरू करा, त्याचा काही दोष दिसत नाही.

आजीचा_बटवा
लिंबू पिळलेलं पाणी शेवटी घेतलं तरी हेच होतं. ईडीटीए कशाला?

कुरळ्या_बटा
लिंबू आठवड्यातून दोनदा लावून माझी टोकं फाटली. घ्यायचंच तर एका मगात काही थेंब, आणि लगेच धुवून टाका.

रानजाई
बाटल्या हलवून बघितल्या. आरओच्या बाटलीत बुचापर्यंत फेस. नळाच्या बाटलीत पाणी ताकासारखं आणि वर करड्या रंगाचा साका. घरातले सगळे बघायला आले. सासूबाईंनी डाळ टाकून द्यायला काढली होती, ती परत डब्यात गेली.
चिलेटिंग शॅम्पू कॉलेज रोडवर मिळाला. शनिवारी आईकडे जाऊन केस तिथेच धुते, तिच्याकडे धरणाचं पाणी आहे. मास्क लग्न झाल्यावर. कनेक्शन आणि सॉफ्टनरचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये घेतेय. वरण_भात, मनापासून आभार.

चातुर्मास_पाळणारी
माझ्या प्रश्नाचं कोणी बघेल का?

मेकअपची_पेटी
जवस. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. चमच्यावरून तार सुटायला लागली की लगेच गरम असतानाच गाळा, गार झाल्यावर गाळलं जात नाही. त्यातलं अर्धी वाटी दही-मधात घाला. उरलेलं फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं.